गाडी आल्याशिवाय घंटा नाही

कडुनिंबाला मोहोर आला की लोकांना पाडवा आठवतो. माझं डोकं उठतं. एस.टी.च्या खिडकीतून तो कडसर गोड वास आत आला की मला पुरवणीचा पांढरा दोरा आठवतो, उत्तरपत्रिका घामानं ओली होऊ नये म्हणून मनगटाखाली धरलेला रुमाल आठवतो, आणि इतके दिवस पाठ केलेलं सगळं नेमकं आत्ताच पुसलं गेलंय ही धडधड आठवते. परीक्षा देऊन जमाना झाला. आता मी त्याच कॉलेजात मराठी शिकवते, परीक्षा घेते, कॉप्या पकडते. तरी एप्रिल आला की रात्रीची झोप उडायची ती उडतेच. बरं, हे कुणाला सांगायचीही सोय नाही. मॅडमना परीक्षेची धास्ती वाटते हे पोरांना कळलं तर माझी काय पत राहील?

यंदा तर कहर आहे. बाहेरून मूल्यांकनाची समिती यायची आहे म्हणून ऐन परीक्षेत कॉलेजला रंग चाललाय. आम्ही शिकत होतो तेव्हा ज्या भिंतीला कधी चुना लागला नाही, तिला आता गुलाबी रंग लागलाय, आणि तो ओला असताना पोरं टेकतात म्हणून माझ्यावरच ओरडा. त्यात प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. समितीसाठी पुस्तिका काढायची आहे, त्यात परिसराचा इतिहास, ठळक ठिकाणं आणि परंपरा अशी दोन पानं हवीत. तुम्ही इथल्याच विद्यार्थिनी, तुम्हीच लिहा म्हणाले, पण पॉझिटिव्ह लिहा. मी शिरूरहून रोज एस.टी. बदलत येते, न्हावऱ्याचा रस्ता अंग खिळखिळं करतो, घरी जाऊन पोळ्या लाटायच्या, पेपर तपासायचे, आणि वर हा इतिहास. पण नाही म्हणायला मला जमत नाही, हा माझा जुना रोग आहे.

इतिहास लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. जमीन कुणी दिली? यावर तीन घराण्यांचे तीन इतिहास आहेत आणि तिन्ही घराण्यांतली माणसं संस्थेवर आहेत. मी लिहिलं, 'परिसरातील दानशूरांनी'. पुढं, पहिले वर्ग कुठं भरले? तर गुळाच्या गोदामात. राहू गावाकडची गुऱ्हाळं पेटली की ढेपांची थप्पी आत यायची आणि वर्ग बाहेर जायचा. त्या पहिल्या तुकडीतले लोक अजून सांगतात की त्यांच्या वह्यांना मुंग्या लागायच्या. मला ही गोष्ट फार आवडते. प्राचार्यांनी ती खोडली. मुंग्या पॉझिटिव्ह नाहीत म्हणे.

ठळक ठिकाणांचं तर विचारूच नका. आमच्या इमारतीनं सोलापूर हायवेकडं पाठ केलीय. मुद्दाम नाही. ती बांधली तेव्हा सगळं कॉलेज रेल्वेनं यायचं. त्यामुळं दर्शनी बाजू स्टेशनाकडं, पायऱ्या स्टेशनाकडं, व्हरांडा स्टेशनाकडं. स्टेशनाचं नाव मी सांगत नाही. दौंडकडून निघालं की पाटस सोडल्यावर आणि केडगावच्या आसपास कुठंतरी, एवढं पुरे. आता समिती मोटारीनं येणार म्हणून हायवेच्या बाजूला नवी कमान उभारलीय. त्या कमानीतून आत शिरलं की पहिलं दर्शन मुलांच्या मुतारीचं होतं. हे मी तीनदा सांगितलं. कमान छान झालीय की नाही ते सांगा, असं मला उत्तर मिळालं.

आणि ती घंटा. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. व्हरांड्यासमोरच्या चिंचेला साखळीनं टांगलेला. तो तुकडा कॉलेजात कसा आला हे विचारायचं नाही अशी पद्धत आहे. आमच्या वेळी त्यावर टोल पडला की चिंचेतले पोपट एकदम उडायचे आणि आवाज पार कालव्यापलीकडच्या उसात जायचा. आता त्याला चंदेरी ऑइलपेंट दिलाय, भोवती साखळदंड लावलाय आणि पाटी ठोकलीय, 'आपला वारसा. हात लावू नये.' टोल द्यायचा हातोडा काचेच्या कपाटात ठेवलाय. कपाटाची चावी माझ्याकडं, कारण मी वारसा समितीची सचिव. समितीत मी एकटीच आहे. वाजवायला इलेक्ट्रिकची घंटा आणली, आणि ती आणली त्याच सुमारास लोडशेडिंग आलं. लाइट असली तर घंटा होते, नसली तर तास कधी संपला हे पोरांच्या गलक्यावरून ओळखायचं.

परंपरा विचारल्यावर मला पहिल्यांदा शाई आठवली. शेवटच्या पेपराला बाहेर पडलं की एकमेकांच्या शर्टावर पेन झटकायचं. पांढरा शर्ट घालून येणारा तर मुद्दामच घालून यायचा. तो शर्ट कुणी धूत नसे. हेही नको म्हणाले. मग मी खरी परंपरा लिहिलीच नाही, कारण ती लिहिली तर कॉलेजची मान्यता जायची. पण इथं सांगते.

आमच्या वेळी, म्हणजे नव्वदनंतरच्या त्या वर्षांत, वेळापत्रकात पेपर अकराला होता. खरा पेपर सुरू व्हायचा तो दौंडहून येणारी शटल आल्यावर. निम्मं कॉलेज त्या गाडीनं यायचं. आमचे शिपाई बाबूमामा मुलाणी हातोडा घेऊन चिंचेखाली उभे राहायचे, तोंड सिग्नलकडं. सिग्नल पडायचा, गाडी यायची, पोरं-पोरी ज्वारीच्या कापलेल्या रानातल्या पायवाटेनं पळत यायची. धसकटं चपलांतून पायाला टोचायची. शेवटचा माणूस पायरी चढला की मामा तीन लांब टोल द्यायचे. तेव्हा वर्गात पालथे ठेवलेले पेपर उलटायचे. गाडी बहुतेकदा थोडीच लेट असायची, त्यामुळं कुणाचं फारसं बिघडत नसे. तेव्हाचे प्राचार्य, त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, खिडकीत येऊन मनगटावर टिचकी मारायचे आणि माझं घड्याळ पुढं गेलंय वाटतं, असं म्हणून आत जायचे.

मला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. मी वरवंडची. सायकल हाणत वेळेच्या आधी येऊन बसायचे. आणि बसून काय करायचं? डोक्यात कोंबलेलं गळत चाललंय हे बघायचं. एकेक व्याख्या डोळ्यादेखत निघून जायची. गाडीवाल्यांचे लाड आणि वेळेवर येणाऱ्यांना शिक्षा, असं मी एकदा बाबूमामांना फणकाऱ्यानं म्हणाले. ते हातोडा खाली ठेवून तंबाखू मळत म्हणाले, "घाई कशाची हाय गं तुला? पेपर काय पळून जातोय व्हय?" एवढंच. त्या माणसाशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं होतं.

गाडीवाल्यांत माझी मैत्रीण होती, रेखा. वर्गात माझ्या पुढच्याच बाकावर बसायची. दौंडला रेल्वेच्या वस्तीत राहायची. वडील रेल्वेत गँगमन होते, ते कामावर असतानाच गेले. रेखा थोरली, पाठीवर दोघं लहान. वडिलांच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. ऑफिसातल्या साहेबांनी मायलेकींना समजावलं होतं, की पोरगी यंदा पदवीधर झाली तर तिच्यासाठी कारकुनाची जागा बघता येईल. नाही झाली तर आणखी थांबता येणार नाही, आईनं रेल्वेच्या डब्यांच्या धुलाईवर लागावं. आईचे गुडघे तेव्हाच गेलेले. मोरीत बसली तर तिला हात देऊन उठवावं लागायचं. रेखाला दुसरं काही दिसतच नव्हतं. विहारामागच्या खोलीत अभ्यासाला बसायची. बाहेर जयंतीच्या ढोल-लेझमीचा सराव, पोरांचा कालवा, आणि ही आत कानात कापसाचे बोळे घालून अर्थशास्त्र घोकतेय. माझा त्या पोरीवर इतका जीव होता आणि तितकाच मला तिचा राग यायचा. कारण ती कुणाचं काही ऐकायची नाही.

शेवटचा पेपर अर्थशास्त्राचाच होता. आदल्या दिवशी मी तिच्या हाता-पाया पडले. म्हटलं माझ्या घरी वरवंडला राहा, सकाळी डबलसीट घेऊन जाते, या गाडीचा काय भरवसा आहे? नाही म्हणाली. आईला एकटं ठेवत नाही. मी म्हटलं, एक दिवस. तर म्हणे, "गाडी येतीया रोज. उद्याच काय होतंय?" आता अशा माणसाला काय करावं सांगा.

आणि नेमके पेपराच्याच दिवशी विद्यापीठाकडून नवे सिनियर सुपरवायझर आले. शहरातले. कडक इस्त्रीचा सफारी, हातात चामडी बॅग, आणि आल्या आल्या नाकाला रुमाल, कारण वारा गुऱ्हाळाकडून वाहत होता. मळीचा तो वास आम्हाला कळतही नसे. अकराला ते व्हरांड्यात आले आणि घंटा द्या म्हणाले. बाबूमामा सिग्नलकडं बघत उभे. सिग्नल नाही पडला साहेब, म्हणाले. परीक्षेचा आणि सिग्नलचा काय संबंध, असं साहेबांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. आमच्या कॉलेजात तो आजवर कुणी विचारला नव्हता एवढंच.

"गाडी आल्याबिगर घंटा न्हाई," मामा म्हणाले.

साहेबांनी हातोडा मागितला. मामांनी खांद्यावरचा पंचा झटकला, मागं बघितलं, आणि हातोडा नव्हता. इथंच तर ठेवलेला, म्हणाले. मग जी शोधाशोध सुरू झाली! मामा चिंचेमागं बघतायत, सायकल स्टँडमध्ये वाकून बघतायत, कार्यालयात जाऊन टेबलाखाली शिरतायत. त्यांच्याइतकं जिवापाड कुणीच शोधत नव्हतं. शेवटी साहेबांनी वैतागून एक धोंडा उचलला आणि रुळावर आपटला. खटक्कन वाजलं, दोन पोपट उडाले, बाकीचे बसूनच राहिले. आम्ही पण.

साहेब तरातरा वर्गात आले. पेपर पालथे वाटून झालेले होते. म्हणाले, सुरू करा, वेळ मोजायला लागलीय, अर्ध्या तासानंतर कुणालाही आत घेणार नाही. कुणी पेपर उलटला नाही. कुणी ठरवलं नव्हतं हो, बंड वगैरे काही नव्हतं. घंटा झाल्यावर पेपर उलटायचा, एवढंच आम्हाला माहीत होतं. धोंड्याच्या आवाजाला कोण घंटा म्हणतं? साहेब बाकांमधून फिरले, एकेकाला लिहा, लिहा म्हणाले. पोरं मान डोलवायची आणि हातातलं पेन उघडून परत बंद करायची.

पुढचा बाक रिकामा. मी त्या बाकाकडं बघत बसले होते आणि मला रागानं रडू येत होतं. रेल्वेचा राग, साहेबांचा राग, मामांचा राग, आणि सगळ्यात जास्त रेखाचा. माझ्या घरी राहिली असती तर काय बिघडलं असतं? रेल्वेत नोकरी लागावी म्हणून जी पोरगी वर्षभर मरमर मरतेय, तिला रेल्वेनंच वाटेत कुठंतरी उभं करून ठेवलेलं. माझ्या पालथ्या पेपरातून पहिल्या प्रश्नाची शाई मागल्या बाजूला उमटलेली दिसत होती. अक्षरं उलटी, पण मन लावलं असतं तर वाचता आली असती. मी त्यावर तळहात ठेवला. पंखा नुसता किरकिरत होता, वारा म्हणाल तर शून्य. साहेबांनी घड्याळ बघून सांगितलं की अर्धा तास झाला. मला वाटलं, झालं, संपलं. आता तिची आई उद्यापासून डबे धुणार.

तेवढ्यात गाडीची शिट्टी ऐकू आली. खिडकीतून पायवाट दिसायची. आधी धूळ दिसली, मग पोरं, आणि सगळ्यांच्या मागं एका हातात तुटकी चप्पल घेऊन पळत येणारी रेखा. साहेब दारात आडवे उभे राहिले. अर्धा तास होऊन गेलाय, आत येता येणार नाही. आणि मग बाहेर तीन टोल पडले. लांब, सावकाश, एकेक करून. सगळे पोपट उडाले. मोठे सर त्यांच्या खोलीतून कधी येऊन उभे राहिले होते कळलंच नाही. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, घंटा आत्ता झाली. ही मुलं वेळेवर आहेत."

साहेबांनी मागं वळून वर्गाकडं बघितलं. एकूण एक पेपर पालथा होता. कुणाच्या उत्तरपत्रिकेवर टिंबसुद्धा नव्हतं. ते दारातून बाजूला झाले.

रेखा येऊन धपकन बसली. केसांत धूळ, पायाला रक्त. मागं वळून मलाच विचारते, "पैला प्रश्न काय आलाय?" मी म्हटलं, उलटून बघ की बये. माझा आवाज फुटला होता, तिला तो रागाचा वाटला असणार. राग होताच.

हातोडा कुठं सापडला? पाण्याच्या रांजणात. मामा व्हरांड्यात आले तेव्हा त्यांच्या कोपरापासून पाणी ठिबकत होतं. कुणी टाकला काय कळंना, एवढंच ते म्हणाले, आणि मोठ्या सरांनीही पुढं विचारलं नाही. साहेबांनी जाऊन तक्रार केली. ती करणारच होते, आणि नियमानं बघितलं तर चूकही नव्हते. कॉलेजला ताकीद आली. मामा आणि मोठे सर दोघंही पुढं रीतसर निवृत्त झाले, चिंचेखालीच त्यांचे निरोप समारंभ झाले, आणि मग कधीतरी ती इलेक्ट्रिकची घंटा आली.

रेखा पास झाली. कारकून म्हणून लागली, आता दौंड स्टेशनात असते. आई घरी बसून नातवंडांवर ओरडते. आणि रेखा काय म्हणते माहितेय? त्या दिवसाचा विषय काढला की म्हणते, एवढं काय त्यात, गाडी आली नसती तर मी रुळानं चालत आले असते. चालत! अर्थशास्त्राच्या पेपरला! आभार तर सोडाच, हिनं आजतागायत साधं 'बरं झालं थांबलात' म्हटलेलं नाही. पण एप्रिल लागला की तिचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलते, पोरांच्या मार्कांचं विचारते, आणि फोन ठेवता ठेवता आमचं वेळापत्रक विचारून घेते.

हे सगळं मी पुस्तिकेत कुठं लिहू? 'परंपरा' या मथळ्याखाली मी साडी डे, वृक्षारोपण आणि स्नेहसंमेलन लिहिलं. प्राचार्य खूश झाले.

परवाच्या पेपराला मीच सिनियर सुपरवायझर होते. कडुनिंबाचा वास, ओल्या गुलाबी रंगाचा वास, डोकं चढलेलं. पेपर पालथे वाटायला घेतले आणि लाइट गेली. अकराला पाचेक मिनिटं असतील, कार्यालयात माझा मोबाइल वाजला. रेखा. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"गाडी पाटसच्या पुढं उभी हाय. निघंल आता. तुमची पोरं हायेत तिच्यात," म्हणाली. आणि मग, "तू बघ."

फोन ठेवून दिला. आता मी काय बघू? त्या गाडीत कोण बसलंय, कुणाच्या घरी काय वाट बघतंय, मला माहीत नाही. त्यांच्यात कोण रेखा आहे हे मला कोण सांगणार? आणि दारात उभं राहून नियम सांगायचं काम आता माझं आहे. मला त्या सफारीवाल्या साहेबांची, खरं सांगते, दया आली.

प्राचार्य धावत आले. अकरा वाजले, घंटा का नाही झाली? मी म्हटलं, सर, लाइट नाही. मग तोंडी सांगा, सुरू करा. मी म्हटलं, सर, समिती तोंडावर आलीय, घंटा न देता पेपर सुरू केला असं उद्या कुणी सांगितलं तर? समितीचं नाव काढल्यावर ते थबकले. मग त्यांना चिंचेखालचा रूळ आठवला. बरोबर आहे, तो वाजवा. मी म्हटलं, पाटी आहे सर, हात लावू नये. आता ते चिडले. मीच लावलीय ती पाटी, म्हणाले, हातोडा काढा. हातोडा कपाटात. कपाटाला कुलूप.

"चावी कुठंय मॅडम?"

मी पर्स उपडी केली. डबा, चष्मा, एस.टी.चा पास, रुमाल, सगळं टेबलावर. चावी नाही. टेबलाचे खण काढले. कपाटाखाली वाकून बघितलं. शिपायाला स्टाफरूममध्ये पिटाळलं, प्राचार्यांना त्यांचेच खिसे बघायला लावले. चाळिशीतली बाई मी, साडी खोचून कार्यालयाच्या फरशीवर गुडघे टेकून कोपऱ्या-कोपऱ्यातून हात फिरवत होते. माझ्याइतकं जिवापाड कुणीच शोधत नव्हतं. प्राचार्य म्हणाले, इतका निष्काळजीपणा तुमच्याकडून अपेक्षित नव्हता. मी म्हटलं, हो ना सर, मलाच कळत नाहीये.

तेवढ्यात स्टेशनाकडून गाडीचा भोंगा ऐकू आला. मी उठले, साडी झटकली आणि डाव्या हाताची मूठ उघडली. चावी घामानं ओली झाली होती.